वगळलेली विहीर

भाद्रपदातलं ऊन मला सोसत नाही. बडोद्यात ते असं पडतं की पाऊस संपला की नुसता थांबलाय, ते आठवडाभर कळत नाही. वासणा रोडवरच्या आमच्या गॅलरीत सकाळी नऊलाच फरशी पायाला चटके देते, आणि तरी दोरीवरचे टॉवेल संध्याकाळपर्यंत दमटच राहतात. लिफ्टमध्ये भेटेल तो ‘भादरवानो तडको’ म्हणत कपाळ पुसतो.

यंदा अशाच उन्हात खालून खताची ट्रॉली गेली. सोसायटीच्या बागेसाठी कोणीतरी मागवली असणार. शेणखत होतं, चांगलं कुजलेलं. त्याचा वास तसा वाईट नसतो, जुन्या गोठ्यासारखा असतो. तरी मी आत गेले आणि खिडक्या लावून घेतल्या. नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोकं काढून विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही.” बारा वर्षं तो हे विचारतोय आणि बारा वर्षं मी हेच उत्तर देतेय. त्याला सगळं ठाऊक आहे. लिहून मात्र मी कधी काढलं नव्हतं.

मी मातीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. तंत्रज्ञ म्हणजे बाटल्या धुण्यापासून आकडे लिहिण्यापर्यंत सगळं करणारी आणि अहवालावर जिचं नाव नसतं ती. त्या वर्षी आमच्याकडे एक परदेशी प्रकल्प आला होता. डेन्मार्क, स्पेन, ब्राझील, व्हिएतनाम, चीन अशा बऱ्याच देशांतल्या प्रयोगशाळा त्यात होत्या. डुकरांचं खत शेतात घातलं की त्यातला नायट्रोजन पिकाच्या पोटात किती जातो आणि पाण्याबरोबर जमिनीच्या पोटात किती उतरतो, ते प्रत्येकाने आपापल्या मातीत मोजायचं होतं. आमच्या विभागप्रमुखांना, वैद्यसरांना, या प्रकल्पाचा फार अभिमान होता. भिंतीवर त्यांनी जगाचा नकाशा लावला होता आणि आपल्या जागी लाल टाचणी टोचली होती.

टाचणीखालची जागा सावली गावाच्या पुढे, मही नदीच्या कोतरांच्या, म्हणजे घळींच्या, बाजूला होती. तिथे शहरातल्या एका शेठने उंच भिंत घालून डुकरांचा फार्म काढला होता. पांढरी, परदेशी जातीची डुकरं. माल सगळा ट्रकने राज्याबाहेर जायचा. गावातलं कोणी त्या भिंतीच्या आत पाऊल टाकत नसे, पण भिंतीबाहेर जे येई त्याची सवय सगळ्यांना करून घ्यावी लागली होती. धुतलेल्या गोठ्यांचं मूत, विष्ठा, पाणी असं सगळं एका कच्च्या खड्ड्यात साठायचं आणि टँकरने आसपासच्या शेतांत फुकट सोडलं जायचं. गोबरगॅसच्या टाकीतून निघणाऱ्या पातळ शेणाला इकडे रबडी म्हणतात. लोकांनी तोच शब्द याला लावला. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला हसू आलं होतं. नंतर घरी कितीतरी महिने मी बासुंदीलासुद्धा हात लावला नाही.

आमचा प्रयोग रमणभाईंच्या शेतात होता. रमणभाई पन्नाशीचे, कमी बोलणारे, मक्याच्या ताटाला हात लावूनच त्याची तब्येत सांगणारे. रबडी घ्यायला सुरुवातीला ते तयार नव्हते. मग फार्मचा मॅनेजर आणि आमचे वैद्यसर, दोघांनी त्यांना समजावलं. युरिया कमी लागेल, जमीन सुधारेल, आणि शिवाय विज्ञानाला मदत होईल. रमणभाईंना हे शेवटचं सगळ्यात पटलं असावं. त्यांच्या शेतात, आणि तुलनेसाठी शेजारच्या बिनरबडीच्या शेतात, आम्ही नळ्या पुरल्या तेव्हा त्यांनी स्वतः पहार धरली होती.

त्या नळ्यांचं काम साधं होतं. तळाशी भाजलेल्या मातीचं सच्छिद्र टोक. हातपंपाने आतली हवा ओढून घ्यायची, की मुळांच्या खाली उतरलेलं पाणी थेंब थेंब नळीत जमायचं. ते बाटलीत घ्यायचं, बर्फाच्या डब्यात ठेवायचं, बडोद्याला आणायचं. प्रयोगशाळेत त्यात औषध घातलं की जितकं नायट्रेट असेल तितकं ते गुलाबी व्हायचं. यंत्र त्या गुलाबीचा आकडा द्यायचं. तो आकडा मी वहीत लिहायची, वैद्यसर ईमेलने परदेशात पाठवायचे.

ती माती गोराडू. भुसभुशीत, रेताड, मुठीत धरली तर बोटांमधून गळणारी. बटाट्याला, तंबाखूला उत्तम. पण पाणी धरून ठेवायचा तिचा स्वभाव नाही. रबडीतला नायट्रोजन मातीत पडल्यावर आठ-पंधरा दिवसांत नायट्रेट होतो, आणि नायट्रेटला मातीचा कण चिकटू देत नाही. पीक लहान असेल, मुळं वरवर असतील आणि वरून पाऊस कोसळत असेल, तर ते नायट्रेट सरळ खाली जातं. हे आम्हाला कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतात. ज्या देशांत डुकरं माणसांपेक्षा जास्त आहेत तिथे यावरून कायदे झालेत. अमुक महिन्यांत खत टाकायचं नाही, टाकी पक्की आणि झाकलेली हवी, ओढ्याच्या काठाला पट्टा सोडायचा. आमच्याकडे खड्डा भर पावसात भरून वाहायला लागला की टँकर निघायचे. म्हणजे नेमकं ज्या दिवसांत टाकू नये त्याच दिवसांत सगळ्यात जास्त टाकलं जायचं. मी हे वैद्यसरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “आपण निरीक्षक आहोत, मृणाल. जे होतंय ते मोजायचं.”

तो श्रावण मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. मोठा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी जीपने निघायचं. सावली सोडली की दोन्ही बाजूंना कपाशी, तुरी, मधूनच दिवेलाचे, म्हणजे एरंडाचे, पट्टे. रमणभाईंचा मका गावात सगळ्यात उंच, इतका गडद हिरवा की जवळजवळ निळा वाटायचा. लोक बांधावर थांबून बघायचे. त्या मक्यात शिरलं की पानं हातांना ओरखडे काढायची आणि चिखलातून असा वास यायचा, की परत येताना जीपच्या काचा खाली ठेवूनही तो केसांतून जायचा नाही.

काम संपलं की मी घराकडे यायची. रमणभाईंची बायको कोकिलाबेन ओसरीवर खाट टाकून ठेवायची आणि तांब्याभर पाणी पुढे करायची. बुटकी, काटक बाई, डोक्यावरचा पदर सारखा मागे पडणारा आणि सारखा पुढे ओढला जाणारा. माझं गुजराती बडोद्याचं, मराठी घरात वाढलेलं. त्यातल्या चुका ती मोकळेपणाने दाखवायची. विहीर अंगणापासून वीस पावलांवर, बांधीव, तीस-चाळीस वर्षांची. “पाणी तो काच जेवुं छे, बेन,” ती म्हणायची, आणि होतंही तसंच. काचेसारखं, थंड, चवीला गोड. त्या वर्षी पाऊस चांगला म्हणून पाणी दोन हातांवर आलं होतं.

एकदा मी नळ्यांच्या बाटल्यांबरोबर एक बाटली त्या विहिरीतूनही भरून आणली. कोणी सांगितलं नव्हतं. सहज आणली. प्रयोगशाळेत औषध घातलं आणि मी बघतच राहिले. बाटलीतलं पाणी गुलाबी राहिलंच नाही, जांभळट लाल झालं, आणि यंत्राने आकडा द्यायचं नाकारलं. मी ते पातळ करून पुन्हा लावलं. पुन्हा नाकारलं. तिसऱ्यांदा पातळ केल्यावर आकडा आला. तो मी दोनदा पडताळला आणि कागद घेऊन वैद्यसरांच्या खोलीत गेले.

वैद्यसर वाईट माणूस नव्हते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण वाईट माणसावर रागावणं सोपं असतं. ते कधी आवाज चढवत नसत, शिपायालासुद्धा ‘अहो’ म्हणत. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला.

“विहीर आपल्या आराखड्यात कुठे आहे?”

“नाही सर. पण हे पाणी ती माणसं पितात.”

“एका नमुन्यावरून काही बोलता येत नाही. बाटली नीट धुतली होती का?”

“मीच धुतली होती.”

“मग अजून दोनदा घ्या. आणि तोवर गावात काही बोलू नका. आपण घबराट पसरवायची नाही. फार्मवाल्यांनी आपल्याला जागा दिलीय, उद्या ते दार बंद करतील. प्रकल्प अर्ध्यावर राहील.”

मी मान हलवली. त्या मान हलवण्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही. पुढच्या पंधरा दिवसांत मी दोनदा त्या घरी गेले, दोनदा कोकिलाबेनने पाणी दिलं, आणि दोन्ही वेळा मी “तहान नाही” म्हणाले. मी स्वतः ते पाणी प्यायचं थांबवलं होतं. तिला मात्र थांब म्हणाले नाही. याच्याइतकी लाजिरवाणी गोष्ट मी आयुष्यात दुसरी केलेली नाही.

त्याच दिवसांत तिची लेक हेतल पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. मुलगी झाली. हेतलला बाळंतपणानंतर ताप भरला, दूध आलं नाही, म्हणून बाळाला पावडरचं दूध सुरू झालं. मला हे ठाऊक होतं का? बाळ झाल्याचं ठाऊक होतं. मी झबलंही घेऊन गेले होते. पावडरीचं ठाऊक नव्हतं. विचारलं नव्हतं.

गौरी बसल्या त्या दिवशी सावलीकडे जोराचा पाऊस झाला. म्हणजे पूजनाच्या दिवशीच मला नमुने घ्यायला जाणं भाग होतं. नागरवाड्यात सासरी सोळा भाज्या चिरायला चार बायका बसलेल्या, आणि मी बर्फाचा डबा घेऊन निघाले. सासूबाई म्हणाल्या, “आज तरी माती सोड.” मी दुपारपर्यंत येते म्हणाले.

शेतातलं काम उरकून मी ओसरीवर आले तर खाट टाकलेली नव्हती. आत कोकिलाबेन बाळाला मांडीवर घेऊन बसली होती आणि चमच्याने दूध पाजत होती. बाळाचे ओठ निळसर, राखेच्या रंगाचे होते. नखंही तशीच. रडत नव्हतं, श्वास भराभर चाललेला. हेतल भिंतीला टेकून बसली होती, तिचे डोळे सुजलेले.

“केव्हापासून?” मी विचारलं.

“चार दिवस झाले. सावलीच्या डॉक्टरने छातीचं औषध दिलंय. नळी लावून हवा पण दिली. रंग काही बदलत नाही.” मग आवाज खाली आणून कोकिलाबेन म्हणाली, “सासरहून फोन येतो. सासू म्हणते, हिचीच नजर लागली लेकीला. दूध नाही त्या आईची सावलीही वाईट.”

हेतलने हे सगळं ऐकलं. तोंड फिरवून ती भिंतीकडे बघत राहिली.

मी विचारलं, “दूध कशात कालवता?”

कोकिलाबेनने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिच्या स्वच्छतेवर शंका घेतलीय. “विहिरीचं पाणी. पण उकळून. उकाळीने ज आपीए छीए, बेन. वीस मिनिटं उकळते मी. अर्धं आटेपर्यंत.”

अर्धं आटेपर्यंत. जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही. पाणी आटतं आणि ते तिथेच राहतं, दुप्पट होऊन. जितकी जास्त काळजी घेतली जात होती तितकं जास्त विष त्या वाटीत जात होतं. आणि ते माझ्या वहीत लिहिलेलं होतं, तारखेसकट, पेन्सिलने, कारण वैद्यसर म्हणाले होते की पक्कं होईपर्यंत पेनने लिहू नका.

मी तिच्या हातातून वाटी घेतली. काय बोलले ते नीट आठवत नाही. पाण्यात रबडी उतरलीय, मोठ्या माणसाला दिसत नाही पण तान्ह्या बाळाचं रक्त त्याने खराब होतं, रक्त हवा वाहून न्यायचं थांबवतं, म्हणून रंग असा. आत्ता बडोद्याला निघायचं, मोठ्या सरकारी दवाखान्यात. असं काहीतरी तुटक, चुकांच्या गुजरातीत. कोकिलाबेनने या वेळी एकही चूक दाखवली नाही. बाळाला दुपट्यात गुंडाळून ती उठली, आणि उठता उठता तिने विचारलं, “तमे जाणतां हतां?” तुम्हाला माहीत होतं?

“हो,” मी म्हणाले. “पंधरा दिवस.”

जीपमध्ये ती माझ्या शेजारी बसली आणि बडोदा येईपर्यंत तिचा खांदा माझ्या खांद्याला लागू दिला नाही. जीपच्या त्या अरुंद बाकावर ते सोपं नव्हतं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती, सलग ड्यूटीने थकलेली. मी तिला सांगितलं, नायट्रेट, विहिरीचं पाणी, माझ्याकडे आकडा आहे. तिने मला मध्येच थांबवलं नाही, हे मी कधी विसरणार नाही. बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब काढून तिने पांढऱ्या कागदावर टेकवला. तो लाल नव्हता. चॉकलेटसारखा तपकिरी होता, आणि हवेत ठेवूनही तसाच राहिला. ती म्हणाली, “हे पुस्तकात वाचलं होतं फक्त.” मग धावपळ झाली. त्यावरचं औषध म्हणजे एक निळा रंग असतो, शाईसारखा. तो सुईने शिरेत सोडतात. निळ्या पडलेल्या बाळाला निळं औषध देताना बघून हेतलने डोळे मिटून घेतले. तासाभरात ओठांच्या कडेने रंग बदलायला लागला. आधी मळकट, मग फिकट, मग बाळाचा असतो तसा. संध्याकाळी ते मूल रडलं, चांगलं खणखणीत, आणि त्याने केलेली शू हिरवट निळी निघाली. कोकिलाबेन तो लंगोट हातात धरून कितीतरी वेळ बघत होती. जीपमध्ये बसल्यापासून तिने मला पहिल्यांदाच काही विचारलं, “हे आता थांबेल ना?” मी म्हटलं, दोन दिवसांत.

मी घरी पोहोचले तेव्हा आरती होऊन गेली होती. सासूबाईंनी माझं ताट झाकून ठेवलं होतं. माझ्या अंगाला शेतातल्या रबडीचा वास येत होता, पण त्यांनी काही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, “आंघोळ कर आणि जेव. घरच्या सवाशिणीला आज उपाशी ठेवत नाहीत.”

दुसऱ्या दिवशी मी वैद्यसरांना सगळं सांगितलं. ते खरोखर हादरले. खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, “देवाची कृपा, मूल वाचलं.” आणि थोड्या वेळाने, तितक्याच हळू आवाजात, “हे कागदावर यायला नको.”

इथे मला अजूनही संताप येतो. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडात हे वाक्य होतं, दोन्ही एकाच वेळी.

गाव मात्र कागदाची वाट बघत बसलं नाही. कोकिलाबेन लेकीला आणि नातीला घेऊन घरी गेली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तिने ओसरीवरची खाट उचलून गल्लीच्या तोंडाशी आडवी टाकली. टँकर तिथूनच जायचा. ती खाटेवर बसली. मग शेजारणी आल्या. कोणी भाजी निवडायला घेऊन आली, कोणी गोधडी शिवायला. टँकरचा ड्रायव्हर पोटासाठी आलेला परप्रांतीय माणूस होता, त्याने हॉर्न वाजवला, मग इंजिन बंद करून बिडी ओढत बसला. मॅनेजर मोटारसायकलवरून आला. म्हणाला, “फुकटचं सोनं देतोय तुम्हाला, आणि तुम्ही रस्ता अडवता?” कोकिलाबेन म्हणाली, “तुझ्या घरी लहान मूल आहे का?” तो म्हणाला, आहे. “मग आमच्या विहिरीचं पाणी घेऊन जा त्याच्यासाठी. तेही फुकट आहे.” तो गेला. टँकर तीन दिवस तिथेच उभा राहिला. चौथ्या दिवशी परत गेला.

रमणभाई त्या खाटेजवळ एकदाही आले नाहीत. ते शेतात असायचे. कणसं भरली होती, पीक गावात पहिल्या नंबरचं होतं आणि त्या माणसाला त्याच्याकडे बघवत नव्हतं. मी भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, “मीच घातलं, बेन. माझ्या हाताने टँकरची नळी धरून.” ज्याने कच्चा खड्डा खणला तो शांत झोपत होता. ज्यांनी समजावलं ते सभांना जात होते. ज्या सरकारी खात्याने फार्मला परवाना देताना विहिरी मोजल्या नव्हत्या, तिथल्या कोणाची भूक मेली नाही. सगळी लाज येऊन बसली ती एका शेतकऱ्याच्या आणि एका बाळंतिणीच्या डोक्यावर, ज्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. लाजेचं हे वाटप कोण करतं, मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

मामलतदारांनी दोन्ही बाजूंना बोलावलं. गावाने माझं नाव साक्षीला दिलं. वैद्यसर म्हणाले, “जायला हरकत नाही, पण आकडे अजून अंतिम नाहीत असं सांगा.” कचेरीत फार्मचा वकील होता, त्याने विचारलं, हे नायट्रेट युरियाचं नाही हे कशावरून, गावच्या गुरांच्या शेणाचं नाही कशावरून. प्रश्न चुकीचा नव्हता. सगळं मिळूनच विहीर भरते. पण रबडीच्या शेताखालच्या नळ्या आणि शेजारच्या बिनरबडीच्या शेताखालच्या नळ्या, दोन्ही मीच मोजल्या होत्या. वही बरोबर नेली होती. मी उभी राहिले आणि आकडे वाचून दाखवले, दोन्ही शेतांचे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, विहिरीसकट. आदल्या संध्याकाळी मी ते सगळे पेनने पुन्हा गिरवले होते.

त्यानंतर त्या गल्लीत टँकर आला नाही. पुढच्या महिन्यात माझी बदली काचसामानाच्या भांडारात झाली. शिक्षा म्हणून झाली असं कोणी म्हणालं नाही. बीकर मोजायला अनुभवी माणूस हवा होता म्हणे.

प्रकल्पाचा अहवाल दीड वर्षाने आला. सुंदर छापलेला. एका तक्त्यात सगळे देश एकाखाली एक, प्रत्येकाची माती, पाऊस, खत आणि खाली उतरलेला नायट्रोजन. मी आमची ओळ शोधली. ती नव्हती. तळटीप होती, की एका ठिकाणची निरीक्षणं असामान्य स्थानिक परिस्थितीमुळे सरासरीतून वगळली आहेत. असामान्य काय होतं त्यात? पाऊस पडला, तो दर वर्षी पडतो. रेताड माती होती, ती महीच्या काठाने मैलोन्‌मैल आहे. नियम नव्हता, आणि नियम नसणं हीच तर आपल्याकडची सामान्य परिस्थिती. ज्या देशांत कायद्याचा धाक होता त्यांचे आकडे तक्त्यात राहिले. जिथे धाक नव्हता तिथला आकडा फार मोठा म्हणून बाहेर गेला. आणि मग सरासरी काढून निष्कर्ष लिहिला, की योग्य व्यवस्थापन असल्यास धोका मर्यादित आहे. कोणी खोटं बोललेलं नव्हतं. ती ओळ काढून टाकायला फक्त एक माणूस आणि एक बटण लागलं असेल. मी ते पान दोनदा वाचलं आणि भांडारातल्या रद्दीत टाकलं. मग बाहेर काढून सरळ केलं आणि घरी आणलं. अजून आहे माझ्याकडे.

फार्म दोन वर्षांनी तिथून उठला. विहीर मात्र उठून जाऊ शकत नाही. गावाला लांबच्या बोअरचा नळ आला, पण विहिरीतलं पाणी मी दर वर्षी तपासते आणि ते अजून पिण्याजोगं झालेलं नाही. वर टाकायला एक पावसाळा पुरला. खालून निघायला किती लागतील, मला सांगता येत नाही. कोकिलाबेन विचारते तेव्हा मी तेच सांगते. ती माझ्याशी पुन्हा बोलायला लागली, पण एकदम नाही. पहिल्या वर्षी चहा दिला आणि समोर बसली नाही. दुसऱ्या वर्षी बसली. हेतलची मुलगी आता सातवीत आहे, वर्गात सगळ्यात उंच, आणि मला ‘मासी’ म्हणते. हेतल नवऱ्यासह सासरहून वेगळी निघाली. त्या घरातलं कोणी तिची माफी मागितल्याचं मी ऐकलेलं नाही.

यंदा आमच्या खालून ती खताची ट्रॉली गेली त्याच्या दोनच दिवसांनी कोकिलाबेनचा फोन आला. तिच्या गावापासून तीन गावं पलीकडे नवा फार्म आलाय. शेठ दुसरा, भिंत तशीच, खड्डा तसाच कच्चा, टँकर सुरू झालेत. तिथल्या पंचायतीने तालुक्याला अर्ज केला तर उत्तर आलं, की विषय विचाराधीन आहे. मी म्हटलं, मी पाण्याचे नमुने घेते, पुन्हा अर्ज करू, जिल्ह्यालाही पाठवू. ती म्हणाली, “ते तुम्ही कराच. पण त्याला महिने लागतील. तिथे दोन लेकी बाळंतपणाला आल्यात.”

आम्ही दोघी गेलो. मी आदल्या दिवशी गुजरातीत एक पानभर मजकूर लिहून नेला होता. नायट्रेट म्हणजे काय, कसं उतरतं, रक्तावर काय परिणाम होतो, कोणाला धोका, कोणाला नाही. कोकिलाबेनने तो माझ्याकडून वाचून घेतला. ती शाळेत दोन इयत्ता गेली आहे. ऐकून झाल्यावर म्हणाली, “बेन, हे वाचेपर्यंत बाळाची बाटली भरून होईल.”

मग तिने स्वतः सांगितलं आणि मी लिहिलं. कागदावर नाही, दूध मंडळीच्या, म्हणजे गावच्या डेअरीच्या, भिंतीवर, जिथे गावातली प्रत्येक बाई सकाळ-संध्याकाळ दुधाची बरणी घेऊन उभी राहते. मंडळीच्या सचिवाने गेरू दिला आणि स्टूल धरलं. दुपारचं ऊन मानेवर येत होतं, माझ्या अक्षराची ओळ वर चढत चालली होती, आणि कोकिलाबेन खालून “मोठं काढा, मोठं” म्हणत होती. छ महिना सुधी आ कूवानुं पाणी बाळकने न आपो. सहा महिन्यांपर्यंत या विहिरीचं पाणी बाळाला देऊ नका. मी ब्रश खाली ठेवला तशी ती म्हणाली, “अजून राहिलं.” आणि तिने पुढचं सांगितलं, एकेक शब्द तोडून, मी बारा वर्षांपूर्वी तिच्या घरात जाऊन सांगायला हवं होतं ते. उकाळीने पण नहीं. उकळूनसुद्धा नाही.

बरणी घेऊन आलेली एक पोटुशी मुलगी थांबून वाचायला लागली. वाचून झाल्यावर तिने विचारलं, “हे कोणी सांगितलं?”

कोकिलाबेनने पदर पुढे ओढला. “मी सांगते,” ती म्हणाली. “बस इथे.”